वाट चुकलेली नीला

गणपतीत आमच्या हैदराबादेतल्या नल्लकुंट्याच्या घरी आरतीतली एक ओळ एका दमात लांबवायची पद्धत आहे. शेवटपर्यंत कोण टिकतं याची शर्यतच लागते. दरवर्षी मी जिंकायचो आणि लेकीचा सूर सगळ्यांच्या आधी तुटायचा. "दमच नाही पोरीत!" मी सगळ्यांदेखत म्हणायचो. ती हसायची. आज त्याची लाज वाटते.

चोविसाव्या वर्षी नोकरीसाठीच्या तपासणीत तिचा छातीचा एक्स-रे निघाला. उजवीकडे, हृदयाच्या कडेने, विळ्यासारखी वाकडी सावली. पुढच्या तपासण्या झाल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पैदाइशी है अंकल. बहोत कम लोगां में मिलता."

फुफ्फुसात शुद्ध झालेलं रक्त हृदयाच्या डाव्या बाजूला यावं आणि तिथून अंगभर जावं, ही रीत. हिच्या उजव्या फुफ्फुसातून ते रक्त आणणारी शीर, म्हणजे नीला, मात्र खाली वळून, पोटाकडून अशुद्ध रक्त आणणाऱ्या मोठ्या नीलेला मिळाली होती. म्हणजे धुतलेले कपडे पुन्हा धुवायला टाकायचे! मी पाणीखात्यात जन्म काढला. चुकीची जोडणी दिसली की हाताखालच्यांना फैलावर घ्यायचो. इथे कोणाला घेणार? मी थक्क होऊन बघत राहिलो. तेच रक्त पुन्हा पुन्हा फिरवत ते हृदय चोवीस वर्षं राबलं होतं, आणि त्यातच पोरीने शाळा, कॉलेज, तीन मजले जिने सगळं केलं होतं. इकोच्या पडद्यावर ते धडधडताना दिसलं तेव्हा माझे हात आपोआप जोडले गेले.

तसंच ठेवलं तर हृदयाची उजवी बाजू थकत जाणार होती. ऑपरेशन करायचं तर छाती उघडावी लागणार होती. मी घाबरलो, चिडचिड करू लागलो. ती म्हणाली, "टेन्शन नक्को बाबा, करून टाकू." सहीही तिनेच केली.

ऑपरेशनमध्ये त्या नीलेला हृदयाच्या डाव्या बाजूपर्यंत नवी वाट करून दिली. बाहेर बसून मी देवाकडे काही मागितलंही नाही, नुसतं पडद्यावरचं ते धडधडणं आठवत होतो.

यंदा आरतीत ती ओळ आली. एकेकाचा सूर तुटत गेला आणि शेवटी आम्ही दोघंच उरलो. तिचा आवाज बारीक होता, पण थांबत नव्हता. ऐकता ऐकता माझाच सूर मध्येच तुटला. तिने ओळ पुरी केली, सावकाश श्वास घेतला आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "दमच नाही बाबांत!"