ही बाई कोण?

गाणं सुरू होऊन अर्धा मिनिटही नसंल झाला, सरांनी बटण दाबून ते बंद केलं.

"आडनाव काय म्हणालीस तुझं?"

मी सांगतलं.

"मग बरोबर. हे मिरवणुकीतल्या ट्रॉलीवर लावायचं गाणं आहे. तुमच्या लोकांना छाती हादरली की झालं. क्लॅरिटीशी काय देणंघेणं?"

आठ-नऊ पोरं-पोरी हासले. अमरावतीतल्या एका बंगल्याच्या तळघरात सरांचा स्टुडिओ. भिंतीले जाड फोम, समोर दोन मोठे स्पीकर. घरी बसून कम्प्युटरवर गाणे बनवणाऱ्यांसाठी त्यांनी दोन आयतवारचा वर्ग ठेवला होता. आपलं गाणं आणायचं, सगळ्यांसमोर वाजवायचं, मिक्स साफ कसा करायचा ते शिकायचं. मी अकोल्याहून आली होती.

एवढ्यावर थांबले असते तं मी गिळलं असतं. आडनाव ऐकून तोंड बदलणारे लोक मले नवे नाहीत. पण सरांनी पुन्हा लावलं, एक ओळ ऐकली, अन् म्हणाले, "आणि ही बाई कोण? भांडी घासता घासता गातेय का?"

आता तं सारेच हासले.

मी म्हटलं, "कोणी नाही सर. नेटवरून घेतलंय."

मान खाली घालून नाही म्हटलं. चांगलं दात काढून, त्यांच्यासारखं शुद्ध बोलून म्हटलं.

ती बाई माही माय होती. अन् ती माह्या मागं, दाराजवळ, चपलांच्या बाजूले बसली होती.

तिथं तिले कोणी बसवलं नव्हतं. मी पुढच्या खुर्चीवर जाऊन बसली, तिच्याकडे वळून पाह्यलं नाही, अन् ती आपली जागा पाहून बसली. कोणासोबत आली, हे कोणी विचारलं नाही. मीबी सांगतलं नाही. म्हणजे त्या एका वाक्याच्या पहिलेच मी तिले टाकून दिलं होतं.

माय विहारातल्या कार्यक्रमात बायांसोबत गाते. कडवे स्वतःच जुळवते. त्या गाण्यातलं कडवं तिचंच:

लेक माही शिकली बाई, पाटीवर लिहे नाव
माहं नाव वाचून दाखवे, ऐके सारा गाव

मे महिन्यात आम्ही ते रेकॉर्ड केलं. आमची एकच खोली, वर टिन. कूलरची घरघर मोबाइलमध्ये येते म्हणून कूलर बंद केला. रस्त्यावरचा गोंगाट येऊ नये म्हणून मायच्या डोक्यावरून गोधडी टाकली. अकोल्याच्या उन्हात, गोधडीच्या आत, ती सात डाव गायली. मी दर डाव म्हणो, अजून एकदा. बाहेर निघाली तं पातळ ओलंचिप्प. घटाघटा पाणी पेली अन् म्हणाली, "एक डाव मोठ्या स्पीकरच्या बॉक्सवर आइकाचा हाय वं मले माहा आवाज. नेशीन?"

म्हणून आली होती ती अमरावतीले. चांगलं धुतलेलं पातळ नेसून.

परत येताना एस.टी.त ती खिडकीजवळ बसली. बडनेरा गेलं. मूर्तिजापूर आलं तेव्हा ती बोलली.

"बॉक्स चांगले होते त्याचे."

बस. एवढंच. मले वाटे, शिव्या दे, थापड मार, काहीतरी कर. तिनं डबा काढला, अर्धी पोळी माह्यासमोर धरली. ती पोळी मी कशी खाल्ली, माह्या जिवाले माहीत.

दुसऱ्या दिवसापासून तिचं गुणगुणणं बंद. पोळ्या लाटताना नाही, कपडे धुताना नाही. गुरुवारी मी म्हटलं, "माय, दुसरं कडवं घेऊ का?"

"मी कोन वं? नेटवरून घे."

रागानं नाही म्हणाली. तांदूळ निवडता निवडता म्हणाली. मी उठून मोरीत गेली अन् नळ सोडून रडली.

अन् लाजेची गोष्ट अशी, की मिक्सबद्दल तो माणूस खरं बोलला होता. गाण्यात सारा गिचका होता. काहीच वेगळं ऐकू येत नव्हतं. मी दिवसा ऑनलाइन फॉर्म भरायच्या दुकानात काम करते. शुक्रवारी सुट्टी टाकली, कूलर बंद केला, कानाले हेडफोन लावले, अन् गाण्यातला एक-एक ट्रॅक बंद करून पाहू लागली. अकरा ट्रॅक होते. कीबोर्डच्या सुराचा सिंथ, त्याच्यावर अजून एक सिंथ, टाळ्या, बासवर बास, वरून घुमारा.

अन् मले दिसलं, मी ते कुठं-कुठं टाकले होते.

जिथं माय "माही" म्हणते, तिथं सिंथ. जिथं तिचा आवाज फाटते, तिथं टाळ्या. जिथं ती श्वास घेते, तिथं घुमारा. मी गाणं सजवून नव्हती राहिली. मी तिले झाकून राहिली होती. सरांनी विचारायच्या कितीतरी दिवस पहिले, आपल्याच खोलीत बसून, ही बाई कोणी नाही असं मीच म्हणून ठेवलं होतं.

तिच्या आवाजाच्या फाइलीले मी नाव दिलं होतं, "लेडी तीन".

लाज वाटली, हा शब्द पुरत नाही. मले माहीच किळस आली.

मंग कापाले बसली. सात ट्रॅक उडवले. जे राहिले, त्यांचा खालचा घुमणारा भाग कापला. किक, म्हणजे ढोलाचा ठोका, अन् बास तेवढे खाली ठेवले. मायच्या आवाजाच्या पट्टीत जे-जे घुसत होतं, ते बाजूले सारलं. मोबाइलच्या बारक्या स्पीकरवर लावून पाह्यलं, शेजारच्या ऑटोत लावून पाह्यलं. शनिवारी संध्याकाळी तिचा शब्द न् शब्द समजे. श्वाससुद्धा.

आयतवारी सकाळी म्हटलं, "चाल ना माय."

"तू जाय."

सरांनी या डाव पूर्ण ऐकलं. मंग बाकीच्यांकडे वळले. "बघा! एका आठवड्यात काय क्लॅरिटी आली. याला म्हणतात शिकणं." मंग माह्याकडे. "आता फक्त ही बाई काढ. माझ्याकडे एक मुलगी आहे, शिकलेला गळा. ती शुद्ध म्हणेल. माझ्या चॅनलवर टाकू आपण."

मी उभी राहिली.

"ही बाई माही माय आहे," मी म्हटलं. "कौसल्या नाव आहे तिचं. मागच्या आयतवारी तिथं चपलांजवळ बसली होती. तुम्ही विचारलं ही कोण, मी म्हटलं कोणी नाही. तुम्ही हासले, मीबी हासली. ती आइकून राहिली होती."

कोणी हासलं नाही.

"अगं, चिडतेस काय? तुझ्या भल्याचंच सांगतोय."

"आवाज बदलणार नाही. अन् तुमच्या चॅनलवर देणारबी नाही. तुम्ही ट्रॉली म्हटलं ना? ट्रॉलीवरच वाजवीन."

पेन ड्राइव्ह काढला अन् निघाली.

घरी येऊन मायले सारं सांगतलं. मले वाटलं होतं, जवळ घेईल. तिनं हातातलं काम थांबवलं नाही.

"त्या दिशी सांगाचं होतं," ती म्हणाली.

खरं आहे. त्या दिवशीच सांगायचं होतं. ते वाक्य आता कोणत्याच बटणानं मागं घेता येत नाही.

माय अजून गात नाही. मी विचारतबी नाही, तो हक्क मी गमावला. माह्याजवळ तिचं ते एकच कडवं आहे. फाइलीवरचं "लेडी तीन" खोडून मी "कौसल्याबाई" लिहिलं. आमच्या वस्तीची मिरवणूक निघंल, तेव्हा ट्रॉलीवर तेच वाजंल, मोठ्या बॉक्सवर, बास खाली अन् तिचा आवाज वर. ती ऐकाले बाहेर आली नाही, तरी वाजंल. अन् गाण्याच्या पहिले माइक हातात घेऊन तिचं नाव मी सांगीन. कोणी विचारायची वाट पाहणार नाही.