रुखवतातली फुलं

फुलकाकू कागदाची फुलं हुंगून पाहायच्या. जाता जाता गुलाब हुंगावा तसं वरवर नाही. डोळे मिटून, नाक पार पाकळ्यांत खुपसून. कुणाच्याही घरी गेल्या की आधी शोकेसपाशी नाहीतर रेडिओवरच्या फ्लॉवरपॉटपाशी जायच्या, एक फूल उचलायच्या, हुंगायच्या आणि मगच टेकायच्या. तोवर पाण्याचा पेला पुढे आला तरी हात लावायच्या नाहीत. नागपूरच्या महाल भागातल्या बायका मागून हसत. "कागदाच्या फुलात काय अत्तर ठेवलं आहे काय वं काकू?" असं कुणी विचारलंच तर काकू म्हणायच्या, "अत्तर नाही, घर ठेवलं आहे."

मी त्यांच्या घरी वरच्या खोलीत राहत होते. नरखेडकडच्या गावातून नागपूरला कॉलेजात आलेली आमच्या घरातली मी पहिलीच. आईबाबांना या शहरातलं एकच घर ठाऊक होतं. काकूंच्या यजमानांचं मूळ गाव आमच्या शिवाराला लागून, म्हणून बाबा मला तिथे सोडून गेले. काकूंबद्दल लिहावं असं बरेच दिवस मनात आहे. मला ते नीट जमेल की नाही, सांगता येत नाही. पण प्रत्येक गल्लीत अशी एखादी काकू असतेच, आणि जिने ती पाहिली आहे तिला माझं अपुरं लिहिणंही पुरेल असं वाटतं.

त्यांच्या घरात भिंत म्हणून दिसायची नाही. दारांना क्रेप कागदाच्या झेंडूची तोरणं, आरशाभोवती गुलाब, विजेच्या मीटरवरून सोडलेला जाईचा वेल, खिडकीच्या गजांना शेवंती. मे महिन्यात बाहेर रस्ता भाजून निघत असे, गल्लीतल्या कडुनिंबाचीही पानं मलूल होत, आणि काकूंच्या बैठकीत मात्र सगळं टवटवीत. संत्र्याच्या बागांतून आलेल्या मला पहिल्या दिवशी ते घर फार सुंदर वाटलं. मग हळूहळू कळलं की एवढ्या फुलांत एक मधमाशी नाही, एक सुकलेली पाकळी नाही. दुपारी पंखा फिरला की सगळी फुलं एकदम सळसळत. आतल्या खोलीत कुणीतरी कूस बदलत आहे, असा तो आवाज होता. मी एकटी असले की पंखा बंद करून घाम पुसत बसायचे.

बाजारात तेव्हा प्लास्टिकची फुलं आली होती. स्वस्त, भडक, साबणाने धुता येणारी. सगळ्या गल्लीने घेतली, काकूंनी एकही घेतलं नाही. "ते मुकं असते," त्या म्हणायच्या. "त्याच्याजवळ फोडणी द्या, नाहीतर मूल रडू द्या, त्याले काही लागत नाही. कागदाले, चिंधीले सगळं लागते." पाकळी विणायच्या सुईवर गुंडाळून तिला बाक द्यायच्या, पातळ मेणात हलकेच बुडवायच्या आणि हिरवी पट्टी गुंडाळलेल्या तारेवर बांधायच्या. त्या वेळी त्या बोलत नसत. मी पुस्तक घेऊन समोर बसलेली असले तर मधूनच विचारत, "काय वाचून राहिली वं?" मी सांगायचे. त्या मान हलवायच्या, जणू मी लांबच्या गावची खबर आणली आहे.

गल्लीतल्या कुठल्याही मुलीचं लग्न ठरलं की रुखवतासाठी फुलांचा एक गुच्छ काकूंकडून ठरलेला. शेवयांच्या, करंज्यांच्या ताटांशेजारी, मण्यांच्या तोरणाशेजारी तो मांडला जाई, आणि मग मुलीबरोबर तिच्या सासरी. त्याबद्दल काकू काही घेत नसत. अट एकच. "तू कुठी ठेवला ते पाहाले मी एकदा येईन." आणि त्या खरंच जात. सणावारी नाही, सण असला की घर सजलेलं असतं म्हणे. आडदिवशी, न सांगता, दुपारच्या बसने. परत आल्या की पायरीवर बसून मला सांगत. "फोडणीचा वास आहे, उदबत्तीचा आहे. बरं आहे." "बिडीचा आहे, सासरा असंन." एकदा म्हणाल्या, "नुसता कोंदट वास आहे. पोरीले खिडकीच उघडू देत नाहीत." मला तो त्यांचा एक खेळ वाटायचा.

माझ्या ताईचं लग्न ठरलं तेव्हा काकू आमच्या गावी येऊन राहिल्या आणि त्यांनी लाल गुलाबांचा गुच्छ केला. ताई कन्हानला दिली. मुलगा खाणीच्या ऑफिसात, घर पक्कं, माणसं बोलायला गोड. लग्नानंतर त्यांनी स्कूटरची गोष्ट काढली. बाबा म्हणाले, संत्र्याचा बहार येऊ द्या. त्यानंतर ती गोष्ट निघालीच नाही. दिवाळीला ताई आली, हसली, दोन दिवसांत परत गेली. आम्हाला वाटलं, विषय मिटला. मी काकूंना आनंदाने सांगितलं की ते लोक आता काही मागत नाहीत.

काकूंची सुई थांबली. "मागणं थांबलं? काहून थांबलं?"

 पुढच्याच रविवारी त्यांनी मला बरोबर घेतलं आणि आम्ही कन्हानची एस. टी. पकडली.

बैठकीत शोकेसवर प्लास्टिकचे गुलाब होते. ताईच्या सासूबाईंनी दारातच काकूंचे हात धरले. "या ना बाई! तुमच्या शोभाले आम्ही पोरीसारखी ठेवतो, विचारा तिले." ताई पाण्याचे पेले घेऊन आली. काकूंनी तिच्याकडे पाहिलं, पेल्याकडे पाहिलं नाही. "माही फुलं कुठी आहेत?"

"आतल्या खोलीत ठेवली, बाई. त्याच्यावर धूळ बसते ना. हे कसं, धुतलं की झालं."

काकू तोवर उठल्या होत्या. आतल्या खोलीत खाटेच्या वर फळी, फळीवर पितळी फ्लॉवरपॉट, त्यात ते गुलाब. काकूंनी एक उचलला आणि डोळे मिटले. मी शेजारीच उभी होते. त्यांनी डोळे उघडायला इतका वेळ लावला की मला भीती वाटू लागली. मग दुसरा उचलला. त्याची पाकळी उलटवून माझ्यासमोर धरली. मेण गेलं होतं, कागद तेलकट होऊन लोंबत होता, आणि लाल रंग उतरून फळीवर डाग पडला होता. खाटेखाली रॉकेलची कॅन होती.

"रेशनचं राकेल आहे," दारातून सासूबाई म्हणाल्या. "बाहेर ठेवलं तं चोरी जाते."

"बरोबर आहे, बाई," काकू म्हणाल्या. "आजकाल बाहेर काही ठेवायची सोय राहिली नाही." आणि तो गुलाब त्यांनी कमरेला खोचला.

बैठकीत येऊन त्या इतक्या गोड बोलू लागल्या की मी चकित झाले. "मी तं कामानं आली होती. माह्या भाचीचं लग्न निघालं. रुखवत सगळं पडलं आहे आन् माहे हात आता चालत नाहीत. शोभाले चार दिवस देता काय?"

"आता? मंग पोराच्या डब्याचं कसं?"

"चार दिवस तो आईच्या हातचं खाईन. शुभकार्याले नाही नका म्हणू, बाई. सवाशिणीचे हात लागले पायजेत."

सासूबाईंनी ताईकडे पाहिलं. ताई जमिनीकडे पाहत होती. रुखवताला नाही म्हणणं कुणालाही जड जातं, त्यांनाही गेलं. "न्या बाई. पण आणून सोडा वेळेवर."

ताई कपडे भरायला आत वळली तशी काकू म्हणाल्या, "अंगावरची साडी आहे ना? चाल." पाण्याचे पेले तसेच भरलेले राहिले.

बस येईपर्यंत काकूंनी मागे वळून पाहिलं नाही. कन्हान नदीचा पूल मागे पडला, तेव्हा त्यांनी ताईचा हात हातात घेतला. "कसं सांडलं?"

ताई खिडकीबाहेर पाहत बोलली. दुपारी ती निजली होती. पाठ ओली लागली म्हणून जाग आली, तर सासूबाई कॅन घेऊन उभ्या. म्हणाल्या, वर फळीवर ठेवत होती, हातातून सटकली. तेवढ्यात भांडेवालीने दार वाजवलं. "सटकलीच असंन, काकू," ताई म्हणाली.

"असंन," काकू म्हणाल्या. हात सोडला नाही.

भाचीचं लग्न नव्हतंच. चार दिवस संपले तेव्हा बाबा गावाहून आले. सगळं ऐकून त्यांचा चेहरा उतरला, पण ते ताईला न्यायला निघाले. ताईने वेणी घातली होती, पिशवी दाराशी ठेवली होती. "वहिनी, वासावरून कोणी पोरगी घरी ठेवते काय?" बाबा म्हणाले. "सासू सांगते ना, हातातून सटकली. लोक काय म्हणतीन? हिच्या पाठची एक लग्नाची आहे."

पाठची म्हणजे मी. मी भिंतीशी उभी होते.

काकूंनी तो गुलाब बाबांच्या हातात दिला. "हुंगा, भाऊ."

बाबांनी हुंगला. "राकेल आहे. कोणाच्या घरी नसते?"

"चुलीजवळच्या फुलाले आला असता तं मी काही बोलली नसती. हे निजायच्या खोलीतलं फूल आहे. अन् वर ठेवता ठेवता सटकली म्हणते, तं पोरीची पाठ भिजली, फुलं भिजली, फळीही भिजली. कॅनचं झाकण कोणी काढलं होतं, भाऊ?"

 मग काकूंनी जे सांगितलं ते त्यांच्या यजमानांशिवाय आमच्यापैकी कुणाला ठाऊक नव्हतं. त्यांची धाकटी बहीण लीला. तिच्या रुखवतात काकूंनी आयुष्यातला पहिला गुच्छ केला होता. पुढे भेटायला गेल्या तेव्हा कौतुकाने फुलं हातात घेतली, तर असाच वास आला. "मी हसली. म्हटलं, लीले, स्टोव्ह नीट पेटवत जाय वं, फुलं नासून राहिली. तीही हसली." काकू थांबल्या. "आठवडाही झाला नव्हता. निरोप आला, स्टोव्हचा भडका झाला. नाकानं मले सांगितलं होतं, भाऊ. मीच ऐकलं नाही."

बाबा तो गुलाब बोटांत फिरवत बसले. मग त्यांनी हात धोतराला पुसला, पुन्हा हुंगला, पुन्हा पुसला. बाहेर बसची वेळ होऊन गेली. शेवटी ते उठले, दाराशी ठेवलेली ताईची पिशवी उचलली आणि आत नेऊन ठेवली.

ही गोष्ट इथे संपली असती तर मला लिहिणं सोपं गेलं असतं. ताई आमच्या गावात शिवण शिकवते, चांगली आहे. पण कन्हानच्या घरी लवकरच दुसरी सून आली, आणि पुढच्या हिवाळ्यात गल्लीतल्या एका बाईने काकूंच्या पायरीवर बसून बातमी सांगितली. स्टोव्हचा भडका. बाई बरंच काही बोलत होती. काकूंनी तिला एकच विचारलं, "त्या पोरीच्या रुखवतात फुलं कोणं केली होती?"

"कोणाले ठाऊक, काकू. प्लास्टिकचीच असतीन."

काकूंनी कात्री खाली ठेवली. त्या दिवशी घरात दिवा लावायचंही त्यांच्या लक्षात आलं नाही.

त्यानंतर त्या कुणाच्याही लग्नात जाऊ लागल्या. ओळख नसली तरी मांडवात शिरून रुखवतात आपला गुच्छ ठेवून यायच्या, आणि मुलीचं सासर कुठलं ते विचारून घ्यायच्या. लोकांना वाटलं, म्हातारीचं डोकं फिरलं. काका मला म्हणाले, "तू तरी समजाव वं तिले." मी काय समजावणार? मीच पिशवी धरून त्यांच्याबरोबर जात होते.

मग त्यांचं नाक गेलं. एका लांबलेल्या तापानंतर त्यांना वास येईनासा झाला. आधी त्यांनी सांगितलंच नाही. एका घरी त्या फूल धरून उभ्याच राहिल्या, आणि मग ते माझ्यासमोर केलं. "तू हुंगून पाय बरं." मी हुंगलं. मला आधी काहीच कळलं नाही. "घाई नको करू," त्या हळूच म्हणाल्या. "डोये मिट." हळूहळू मला हिंग कळला, ओल्या लुगड्यांचा वास कळला, लहान मुलाच्या अंगाला लावलेलं तेल कळलं. मी सांगितलं. काकूंनी सुटकेचा श्वास टाकला आणि पाणी मागितलं.

गेल्या उन्हाळ्यात त्या गेल्या. तिरडीवर शेजाऱ्यांनी खऱ्या झेंडूच्या माळा घातल्या. उन्हाने त्या घाटावर पोचेपर्यंतच सुकल्या. तेराव्यानंतर काकांनी मला बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा दिला. आत पांढऱ्या शेवंतीचा गुच्छ होता, जुन्या मऊ लुगड्यात गुंडाळलेला. "तुह्यासाठी करून ठेवला होता," काका म्हणाले. "वास यायचा बंद झाला त्याच्या आधीचा आहे."

आता घरी माझ्यासाठी एक स्थळ आलं आहे. मुलगा शिकलेला आहे, माणसं बोलायला गोड आहेत, काही मागत नाहीत. बाबा खूश आहेत, पण रात्री जेवताना मध्येच हात थांबवतात. मी अधूनमधून तो डबा उघडते आणि डोळे मिटते. फुलांना अजून काकूंच्या घराचा वास आहे: मेण, कापूर, उन्हात तापलेला कागद. लग्नानंतर काही महिन्यांनी हा वास जाईल आणि दुसऱ्या कुठल्यातरी घराचा लागेल. तेव्हा आडदिवशी, न सांगता, दुपारच्या बसने कुणी यावं म्हणून मी ताईला काकूंसारखं हुंगायला शिकवते आहे. ती म्हणते, तिला अजून सगळ्याच फुलांना रॉकेलचा वास येतो.