दुर्बिणीचं कव्हर

काकूंचा सगळा जन्म कुरिअरच्या ऑफिसात लोकांच्या वस्तू गुंडाळण्यात गेला. काचेची बरणी असो की कुणाच्या लेकीचा आरसा, हातात घेतला की कागद किती आणि फोम किती, हे त्यांना कुणाला विचारावं लागत नसे. पण नवऱ्याच्या दुर्बिणीला कव्हर घ्यायची वेळ आली आणि त्यांची मती गुंग झाली.

काका बंदरात क्रेन चालवायचे. अर्धांगवायूने डावी बाजू गेली, तेव्हापासून ते तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत बसून असत. लेकीने त्यांना छोटी दुर्बीण आणून दिली, एका डोळ्याने बघायची, हातभरसुद्धा लांब नाही. तिच्यातून ते दिवसभर बंदर बघत आणि नव्या क्रेनवाल्यांवर खेकसत, "अरे हळू, माल झुलतोय!" समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने काच धूसर व्हायला लागली, म्हणून लेक फोनवर म्हणाली, "आई, एक कव्हर घेऊन टाक."

दुकानदाराने तीन प्रकार समोर मांडले. आत फोम असलेली कडक पेटी. खांद्याला अडकवायची मऊ पिशवी. आणि दुर्बिणीच्या अंगावरच राहणारं, दोन्ही टोकांना उघडणारं कव्हर.

"कुठे कुठे नेता दुर्बीण?" त्याने विचारलं.

"कुठेच नाही. खिडकीतच असते."

"मग खांद्याचा पट्टा कशाला हवाय?"

काकूंनी पिशवी बाजूला सारली. पट्टा हवा असं त्यांच्या तोंडून कधी निघून गेलं, त्यांनाच आठवेना. त्यांनी डावा हात पाठीमागे धरला आणि एका हाताने पेटीची कडी उघडून पाहिली. उघडेना.

"हाताला लागलंय का काकू?"

"मला नाही हो, ह्यांना," त्या म्हणाल्या आणि आणखीच गोंधळल्या. शेवटी उघडझाप नको म्हणून अंगावरचं कव्हर घेऊन घरी आल्या.

ते बसलंच नाही. त्यांच्या दुर्बिणीची डोळा लावायची नळी वर वळलेली, आणि कव्हर सरळ नळीचं.

"वस्तू न नेताच खोका आणलास?" काका म्हणाले. "तू? इतकी वर्षं पार्सलं बांधून?"

काकूंचा चेहरा उतरला. तो बघून काकांनी दुर्बीण खाली ठेवली. मग म्हणाले, "उद्या मीच येतो."

काकूंना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. व्यायाम शिकवायला येणारी बाई हात जोडून थकली होती, तरी आजारपणानंतर या माणसाने जिन्याला पाय लावला नव्हता. "कुठे येता?" त्यांनी विचारलं.

"दुकानात. दुसरीकडे कुठे?"

दुसऱ्या दिवशी कठडा धरत, प्रत्येक मजल्यावर टेकत, काका खाली उतरले; दुर्बीण काकूंच्या हातात होती. दुकानात स्टुलावर बसून एकेक कव्हर त्यांनी उजव्या हाताने उघडून पाहिलं आणि मऊ पिशवीत दुर्बीण ठेवून ती गळ्यात अडकवली. रुंद तोंडाची, मोठ्या चेनची.

"अहो, किती पातळ आहे ती! पडली म्हणजे?"

"पडली तर पडली."

दुकानदार म्हणाला, "महाग वस्तूला पेटीच बरी." काकूंना त्याचंही पटत होतं, ह्यांचंही पटत होतं. पेटी नीट होती, पण ह्यांना उघडता येणार नव्हती. पिशवी उघडता येत होती, पण तिच्यात दुर्बीण सुखरूप राहील असं वाटत नव्हतं. त्यांनी सरळ नळीचं कव्हर परत करून पिशवी घेतली.

बाहेर आल्यावर काका घराकडे वळलेच नाहीत. समोरच्या बंदराच्या धक्क्याच्या पायरीवर बसले, चेन ओढली, दुर्बीण मांडीवर टेकवून वर बघायला लागले.

"खालून कधी नीट बघितलंच नव्हतं गं," ते म्हणाले. "केवढी उंच आहे ही क्रेन!"

काकूंनी ह्यांच्याकडे बघितलं, मग त्या उंच लोखंडाकडे. आनंद व्हावा की धडकी भरावी, त्यांना समजेना. ऊन चढत होतं, आणि घरचा जिना अजून चढायचा होता. "चला" म्हणावं की बसू द्यावं? शेवटी चप्पल काढून त्याही पायरीवर टेकल्या.

"मला दाखवा तरी," त्या म्हणाल्या.