गुरुवारी पडलेला माणूस

आमच्या पट्ट्यात कारखान्यांना सुट्टी गुरुवारी. बाकी जगाचा रविवार, तो आमचा गुरुवार. माझी सगळी नोकरी प्रेस शॉपमध्ये, पत्रा कापायच्या मशीनवर गेली, ती याच हिशेबानं. गुरुवारी दोन ठिकाणी हमखास गर्दी, एक सलूनमध्ये आणि दुसरी देशीच्या दुकानात. आणि गुरुवारी दुपारी रस्त्याकडेला कुणी पडलेला दिसला की माणसं त्याला वळसा घालून पुढं जातात. कुणी विचारत नाही. विचारायचं काय त्यात, सगळ्यांना ठाऊकच असतं.

मी दारू कधी प्यालो नाही. वडिलांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हापासून पाचवं शील, नशेला न शिवायचं, आमच्या घरात पक्कं. शिक्षण माझं चौथीपर्यंत, पैसा बेताचा, पण काळेवाडीत कुणालाही विचारा, या म्हाताऱ्यानं थेंब घेतला नाही असंच सांगेल. मला त्याचा अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. पिणाऱ्याला मी दारात उभं केलेलं नाही, नात्यातला असला तरी.

मागच्या उन्हाळ्यात एका गुरुवारी सकाळीच मुलाशी वाजलं. मला पिंपळे सौदागरला लेकीकडं जायचं होतं. तो म्हणाला, रिक्षा बोलावतो. मी म्हटलं, माझे पाय अजून माझेच आहेत. त्यावर तो हट्टीपणाबद्दल काहीतरी बोलला. मग मी साखरेच्या आजाराची गोळी तेवढी घेतली, पोह्यांची ताटली तशीच सारली आणि निघालो. आपल्याला राग आला की पोटाला शिक्षा, ही माझी जुनी खोड.

निम्म्या वाटेवर घाम फुटला. उन्हाचा नव्हे, गार घाम. पाय लटपटायला लागले. समोर सलून होतं, त्याच्या पायरीवर टेकलो आणि टेकता टेकता कुशीवर कलंडलो. शुद्ध गेली असती तर बरं झालं असतं. ती गेली नाही. ऐकू सगळं येत होतं, जीभ मात्र वळत नव्हती.

आत कंपनीची माणसं नंबर लावून बसलेली. एक जण म्हणाला, "बाबांचा गुरुवार सकाळीच सुरू झाला वाटतं." दुसरा म्हणाला, पेन्शन जमा झाली असेल. हशा पिकला. दुकानदार कात्री हातात घेऊन दारापर्यंत आला, तर आतून कुणीतरी त्याला सांगितलं, नको त्या लफड्यात पडू, उठेल आपोआप. एक बाई पिशवी घेऊन आली, पदर नाकाला लावून पलीकडून गेली. मी "साखर" म्हणायला गेलो, तर तोंडातून नुसतं बरळणं निघालं. त्यानं तर सगळ्यांची खात्रीच पटली. एकानं मला उठवायला काखेत हात घातला तोसुद्धा, किती घेतली बाबा, असं विचारत. मी तो हात झटकला.

मरणाची भीती वाटली नाही, खोटं कशाला सांगू. भीती वेगळीच होती. असाच गेलो तर लोक म्हणतील, म्हातारा गुरुवारी पिऊन पडला आणि मेला. लेकीच्या सासरी तेच कळेल. आणि उठून नाही म्हणायला मी नसणार.

तेवढ्यात शेजारच्या देशीच्या दुकानातून एक जण बाहेर आला. चाळिशीचा असेल. कंपनीचा निळा शर्ट, गुंड्या वर-खाली लागलेल्या, भिंत धरत धरत चाललेला. माझ्याशेजारी तो बसला कसला, पडलाच जवळजवळ. त्यानं माझ्या तोंडाला नाक लावलं. त्याचा दारूचा भपकारा माझ्या नाकात गेला.

"वास नाही," तो म्हणाला. "ह्यांनी घेतलेली नाही."

"तुझ्याच वासात तुला दुसऱ्याचा काय कळणार, भावा?" आतून एक जण.

"मलाच कळणार, राव. हे आपल्यातले नव्हेत. अंग बघा की, गार पडलंय. माझ्या आईला असंच व्हायचं, साखर उतरली की."

त्यानं खिशातून एक पुडी काढली. बडीशेप आणि खडीसाखर. बायकोला वास कळू नये म्हणून बाळगतो, हे त्यानंच सगळ्यांना सांगितलं. निवडून निवडून खडे माझ्या तोंडात घातले आणि म्हणाला, चघळा बाबा.

मग सलून रिकामं झालं. कुणी खुर्ची आणली, कुणी दुप्पट साखर घालून चहा आणला, दुकानदारानं गिऱ्हाइकाचा टॉवेल ओढून माझा घाम पुसला. पेन्शनवरून बोललेल्यानं माझं डोकं छातीशी धरून ठेवलं. त्यानंच माझ्या मोबाइलवरून मुलाला फोन लावला.

त्या माणसांचा मी नंतर पुष्कळ विचार केला. वाईट नव्हती ती. प्रेस शॉपमध्ये कुणाचं बोट गेलं की असलीच माणसं हातातलं टाकून धावायची, कुणाला सांगावं लागायचं नाही. पण तिथं काय झालंय ते दिसायचं. इथं बघायच्या आधीच ठरलं होतं. मी सलूनच्या बाकावर नंबर लावून बसलो असतो, तर पहिली टर मीच उडवली असती. आणि त्या निळ्या शर्टवाल्याला मी तर वळसाच घातला असता.

मुलगा मोटारसायकल लावून धावत आला. आपला बाप आणि खांद्याला खांदा लावून बसलेला पिणारा, असं त्यानं बघितलं. माझ्या कानाशी वाकून हळूच म्हणाला, "बाबा, तुम्ही घेतलीत?"

माझ्या पोटचा पोरगा. उत्तर शेजारच्यानंच दिलं.

"दादा, मी घेतलीय. बाबांनी नाही."

पोराची मान खाली गेली. त्यानं रिक्षा थांबवली. या खेपेला मी मुकाट्यानं बसलो आणि त्या माणसाला म्हटलं, चल जेवायला. त्यानं हात जोडले.

"नको बाबा. असा तुमच्या दारात आलो तर गल्ली तुम्हाला नावं ठेवील."

साखर चढली होती, तसा हट्टही चढला होता. म्हटलं, गल्लीला विचारून मी कधी जेवलो नाही. मुलानं आणि दुकानदारानं मिळून त्याला रिक्षात चढवला.

घरी बायकोनं एकदा त्याच्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि दोन ताटं वाढली. तो मान खाली घालून जेवला. भाकरीचा तुकडा हातातून दोनदा सुटला. समोरच्या ओट्यावर बायका जमल्या, कुणी कुणाला हाक मारून बोलावलं. मुलगा दार लोटायला उठला. मी म्हटलं, राहू दे उघडं.