करिंथकर भाऊंची पंगत

भाऊ दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांच्या चहाड्या सांगायचे. ग्रीसमधल्या करिंथ गावच्या भांडखोर ख्रिस्ती मंडळीला प्रेषित पौलाने लिहिलेलं बायबलमधलं पत्र आम्ही सगळेच चर्चमध्ये ऐकायचो, गंभीर चेहऱ्याने. भाऊ मात्र त्या करिंथच्या लोकांबद्दल असं बोलत, जणू ते पनवेलच्या खांदा कॉलनीत त्यांच्याच जिन्यात राहतात. "अहो, कोर्टात गेले एकमेकांवर! एका मंडळीतले, आणि कोर्टात!" असं म्हणून कपाळावर हात मारायचे. त्यामुळे त्यांचं नाव पडलं करिंथकर भाऊ. एकदा बाहेरून आलेल्या पाळकांनी व्यासपीठावरून 'श्री. करिंथकर यांनी प्रार्थना करावी' असं जाहीर केलं. भाऊ शांतपणे उठले आणि प्रार्थना करून खाली बसले.

ते न्हावा शेव्याला कंटेनर यार्डात सुपरवायझर होते. करिंथही बंदराचंच गाव, म्हणून त्यांना त्या लोकांविषयी अंमळ जास्तच आपुलकी. "बंदराच्या गावाचं असंच असतं बघ," ते मला सांगायचे. "चहूकडून माणसं येतात, हाताला काम मिळतं, फ्लॅट होतात. मग जो तो आपला डबा वेगळा उघडतो."

आमच्या मंडळीतही तेव्हा दोन तट पडले होते. जुने पाळक निवृत्त होऊन इथेच राहिलेले, नवे नुकतेच आलेले. माझे बाबा जुन्यांच्या बाजूचे पुढारी. भाऊ त्यांना गाठून विचारत, "काय हो, तुमच्यासाठी क्रुसावर कोण गेलं होतं? जुने पाळक की नवे?" बाबा म्हणत, "तुमच्या पौलाला म्हणावं, एकदा पनवेलला कमिटीच्या मीटिंगला बस. पत्र लिहायचं विसरशील." दोघेही हसत. तट जिथल्या तिथे.

भाऊंचा जीव खरा अडकला होता तो पंगतीत. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाचा, म्हणजे भाकर आणि प्याला घेण्याचा, विधी झाला की आमच्याकडे प्रीतिभोजन, म्हणजे सगळ्यांचं एकत्र जेवण असे. नेरे गावाच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याच्या कातकरी वाडीतली काही घरं आमच्या मंडळीत होती. बहुतेक सगळे वीटभट्टीवर कामाला. सकाळचं काम उरकून, मिळेल त्या टेम्पोने ते पोचेपर्यंत मटणाच्या पातेल्यात नुसता रस्सा उरलेला असायचा. मुद्दाम कुणी करत नव्हतं. भूक लागली की माणूस जेवायला बसतो, इतकंच. पण भाऊंना ते सहन होत नसे. "करिंथात हेच चाललं होतं. आधी आलेले ढेकर देतायत, मागून आलेले उपाशी. आणि याला म्हणायचं प्रभूचं भोजन!" शेवटी त्यांनी स्वयंपाकघर स्वतःच्या ताब्यात घेतलं. वाडीची माणसं येईपर्यंत पातेल्यावरचं झाकण काढायचं नाही, असा हुकूम सोडला आणि पातेल्याशेजारी स्टूल टाकून बसले.

एका रविवारी बंदराच्या ट्रेलरांनी रस्ता असा तुंबवला की वाडीच्या टेम्पोला येता येईना. माझ्या आईला मधुमेह. जेवण आता होईलच या हिशोबाने तिने इन्सुलिनचं इंजेक्शन घेतलं होतं. बाबांनी स्वयंपाकघरात जाऊन तिला आधी वाढायला सांगितलं. भाऊ म्हणाले, "जरा कळ काढा. एकमेकांची वाट पाहा, असं स्वच्छ लिहिलंय." थोड्या वेळाने आई खुर्चीवरून घसरलीच. कुणीतरी धावत जाऊन साखर आणली. बाबांचा आवाज अख्ख्या हॉलमध्ये घुमला, "माणूस मरायला टेकलं तरी तुमचा अध्याय संपत नाही!"

नेमका तेव्हाच टेम्पो आला. वाडीतली वडीलधारी सोमीबाई दारातच थबकली. काय झालं ते तिला कुणी सांगायची गरज नव्हती. "आमच्यापायी कुनाच्या जिवावर बेतायला नको," ती आपल्या माणसांना म्हणाली. "चला रं माघारी. यापुढं आमी येत नाय." बाकावर आडवी झालेली आई तिथूनच क्षीण आवाजात म्हणाली, "सोमीबाई, जेवल्याशिवाय जायचं नाही. इथे माझ्याजवळ बसा." मग सगळे बसले, जेवले. चव मात्र कुणालाच लागली नाही. भाऊ वाढत राहिले आणि न जेवताच घरी गेले.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी भाऊ शेवटच्या बाकावर जाऊन बसले. भाकर आणि प्याला पुढे आला, तेव्हा त्यांनी तो न घेता मान खाली घातली. त्यानंतरच्या महिन्यातही तेच. नव्या पाळकांनी विचारलं, तर म्हणाले, "ज्ञान माणसाला फुगवतं, प्रीती उभं करते, हे त्याच पत्रात आहे. मला सगळं पाठ होतं, पाळकसाहेब. आणि मी फुगून पातेल्यावर बसलो होतो." ज्या माणसाला प्रभूच्या त्या मेजापलीकडे काही नव्हतं, त्याने स्वतःलाच मेजावरून उठवलं होतं. मला फार वाईट वाटायचं.

शेवटी आईच मला घेऊन खांदा कॉलनीत त्यांच्या घरी गेली. जिने चढून ती धापा टाकत होती. भाऊंनी दार उघडलं आणि हात जोडले. "ताई, माझ्यामुळे तुमचा जीव गेला असता."

"गेला नाही ना? मग आधी पाणी द्या." पाणी पिऊन ती म्हणाली, "पाय जरी म्हणाला, मी शरीराचा नाही, तरी तो शरीराचाच राहतो. कुणी शिकवलं हे? तुमच्याच पौलानं ना? मग मागच्या बाकावर बसलात म्हणून तुम्ही सुटाल होय? गुमान पुढे या. आणि मला आधी अर्धी पोळी देत जा. पौल काही रागावणार नाही."

भाऊ हसले आणि हसता हसता त्यांचे डोळे भरले. "पौलानंच लिहिलंय ताई. वाट पाहा म्हटल्यावर लगेच पुढे म्हणतो, ज्याला भूक आहे त्यानं घरी खाऊन यावं. मी वाट पाहा म्हणून तिथेच थांबायचो."

भाऊ पुन्हा मेजाशी आले. आजारी माणसांना आणि पोरांना आधी वाढायचं, बाकीच्यांनी वाट पाहायची, अशी नवी रीत पडली. वाडीची माणसंही येत राहिली. मंडळी मात्र फुटलीच. बाबा जुन्या पाळकांबरोबर नवीन पनवेलमधल्या एका हॉलवर जाऊ लागले. आई भाऊंच्या बाजूला, जुन्याच चर्चमध्ये राहिली. रविवारी सकाळी आमच्या घरून दोन रिक्षा दोन दिशांना जायच्या. भाऊंनी बाबांना कधी एका शब्दाने टोचलं नाही. फक्त महिन्याच्या पहिल्या रविवारी आईबरोबर बाबांच्या वाटणीचं जेवण पाठवायचे. बाबा "ठेव तिकडे" म्हणत आणि मग ओट्याशी उभे राहून गुपचूप खात.

गेल्या वर्षी भाऊ गेले. दफन करून आम्ही त्यांच्या घरी परतलो. सुतकाच्या घरात चूल पेटत नाही, म्हणून दोन्ही मंडळ्यांनी जेवण आणलं होतं. बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये सतरंज्या अंथरल्या होत्या, पण एका बाजूचे लोक दुसऱ्या बाजूच्या पातेल्याला हात लावीनात. सोमीबाई आणि वाडीची माणसं कडेला बसून होती. बाबांनी इकडेतिकडे पाहिलं, डाव उचलला आणि वाडीच्या लोकांना वाढायला सुरुवात केली. आयुष्यात प्रथमच वाढत होते, त्यामुळे निम्मी आमटी सतरंजीवर.

सोमीबाईने ताटावर हात आडवा धरला. "पुरं. आता तुमी बसा."

"मी नंतर बसतो."

"नंतर तुमाला कोन वाढनार? वाढनारा गेला. बसा हितं."

बाबा तिच्या शेजारी मांडी घालून बसले. एक घास तोंडात घातला आणि तसेच भरल्या तोंडाने ते लहान पोरासारखे रडू लागले. सोमीबाईने आपल्यापुढचा पाण्याचा पेला त्यांच्याकडे सरकवला.