मॅडमच्या बोटावरची मिसरी

डॉ. माधुरी मॅडम गेल्या. आणि त्यांनी त्या दिवशी खरंच मिसरी लावली होती का, हे त्यांना विचारायचं राहूनच गेलं.

हसू नका. ह्या एका प्रश्नावरून आमच्या पिंपळगावात बायकांची भांडणं झालीत.

मॅडम सरकारी दवाखान्यात दातांच्या डॉक्टर. गावोगाव तोंड तपासणीचे कॅम्प घ्यायच्या. लोक त्यांना दातवाल्या मॅडम म्हणायचे. आणि दातवाल्या मॅडमच तंबाखूची मिसरी लावतात म्हणजे काय!

झालं असं, की मी जालन्याहून सुट्टीला गावी गेल्ते. शाळेत मॅडमचा कॅम्प होता. मी आत्याला अक्षरशः ओढत नेलं.

कारण तिचं जेवण मला विचित्र वाटून राह्यलं होतं. ठेच्याशिवाय जिच्या घशाखाली घास उतरत नाही, ती बाई वरणात भाकरी कुस्करून गिळत होती. घरचे म्हणाले, वय झालं.

अरे, वय झालं म्हणून ठेचा कशाला बंद होईल?

शाळेच्या व्हरांड्यात गावातले सगळे बाप्ये खुर्च्या टाकून बसलेले. मॅडम म्हणाल्या, "मावशी, तोंड उघडा."

आत्यानं पदर दातांत धरला, तो धरलाच.

आमच्याकडं थोरामोठ्यांसमोर बाई तोंड उघडून हसत सुद्धा न्हाई. मंग बॅटरीच्या उजेडात आ वासून कोण बसणार? एकामागून एक बायका तशाच घरी गेल्या.

मला वाटलं, आता मॅडम चिडणार, लेक्चर देणार.

त्यांनी मला बाजूला घेतलं. "ह्या सगळ्या जणी पदर खाली करून निवांत कधी बसतात गं?"

"सकाळी. मिसरी लावायला. आमच्या मागच्या अंगणात."

"आणि बाप्ये?"

"तिकडं फिरकत बी न्हाईत."

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम हजर! ना पांढरा कोट, ना बॅटरी. गावातल्या आशाताईंना, म्हणजे आरोग्याचं काम बघणाऱ्या आशा वर्करला, सोबत घेऊन आल्या आणि सरळ अंगणात मांडी घालून बसल्या.

"मला शिकवा. मिसरी कशी लावतात?"

बायका आधी एकमेकींची तोंडं बघत बसल्या. मंग जी शिकवणी सुरू झाली, बाप रे!

मॅडमचे प्रश्न काही संपेनात. तंबाखू तव्यावर भाजता का? किती काळी करता? पहिल्यांदा कोणी लावून दिली?

"दाढ ठणकत व्हती, तवा सासूनं चिमूट दिल्ती," आत्या म्हणाली.

"मग दाढ थांबल्यावर सोडली का नाही?"

"अगं माय! तिच्याबिगर पोट साफ व्हत न्हाई!"

सगळ्या खो खो हसल्या. चक्क तोंड उघडून.

मॅडमही हसल्या. मग हळूच विचारलं, "ठेचा झोंबतो का हो मावशी?"

आत्याचं हसू बंद. "झोंबतो," एवढंच म्हणाली.

मॅडमनी आत्याच्या डबीतली चिमूट बोटावर घेतली. बोट ओठांपाशी नेलं.

आणि नेमकी तेव्हाच मी चहा बघायला आत पळाले! बाहेर आले तर मॅडम उभ्या होत्या. चेहरा पार बदललेला.

"आत्याच्या गालात पांढरा चट्टा आहे. मिसरी धरतात, बरोबर तिथंच. आता जल्दी करा."

संभाजीनगरला नेलं. तुकडा काढून तपासला. कॅन्सरच होता, पण सुरुवातीचा. ऑपरेशन झालं.

आमची आत्या वाचली.

मिसरी सोडताना मात्र तिनं घर डोक्यावर घेतलं. मला आणि मॅडमला सारख्याच शिव्या. मॅडम फोनवर सगळं ऐकून घ्यायच्या आणि शेवटी विचारायच्या, "बरं, आज पोट साफ झालं का?"

पुढं गावोगावच्या आशाताईंच्या ट्रेनिंगमध्ये त्या हेच शिकवू लागल्या. तोंड उघडा म्हणू नका. मिसरी कुठं लावता ते दाखवा म्हणा. बाप्यांना विचारा, गुटखा कुठल्या गालात धरता. मग नीट बघा.

गावात मात्र चर्चा एकच. एक म्हणे, मॅडमनी मिसरी लावली अन् त्यांना गरगरलं. दुसरी म्हणे, छ्या, लगेच थुंकली. मला तर एवढी उत्सुकता, पण मॅडम भेटल्या की आत्याच्या तब्येतीचंच बोलणं व्हायचं. आत्याला विचारलं, तर ती विषयच बदलायची.

आज सकाळी आशाताईंचा फोन आला. हार्ट अटॅक.

आत्या सध्या माझ्याकडंच आहे. म्हणाली, "मला घेऊन चल." नवीन जालन्यात मॅडमच्या घरी जाऊन शेवटचं दर्शन घेतलं.

परत येताना ऑटोत मला राहवलं नाही.

"आत्या, खरं सांग. त्यांनी मिसरी लावली होती का गं?"

"बिलकुल न्हाई. बोट व्हटापशी नेलं अन् म्हन्ल्या, मावशी, ही नेमकी ठिवू कुठं? म्या तोंड उघडून दावलं, हितं म्हणून."

"म्हणजे मॅडमनी फसवलंच की तुला!"

मी हसले. आत्या हसली नाही.

"मला काय कळत न्हवतं व्हय, त्या काय बघून राह्यल्यात ते? जिभेला कवाचा लागत व्हता त्यो चट्टा. भ्या वाटायचं. कुनाला तरी दावायचंच व्हतं मला."

मग पदर डोळ्यांना लावून म्हणाली, "त्या बाईनं बराबर इचारलं, माय. म्हणून दावलं."

बाकीचा रस्ता आम्ही दोघी रडत आलो.

मॅडम, माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. घरी आल्यावर तुम्हाला सांगायला सवयीनं फोन हातात घेतला होता.

आत्याचा आणि माझा तुम्हाला शेवटचा नमस्कार.