डब्याचा रेनकोट

आमच्या मुलुंडच्या बिल्डिंगमध्ये समोरच्या घरात राहणाऱ्या काकू पावसाळाभर पाठीवर सॅक टाकून गावोगाव भटकतात. गॅलरीत धुतलेल्या दुधाच्या पिशव्या वाळताना दिसल्या की मी ओळखते, स्वारी निघाली. मोबाइल, मोजे, कपडे, सगळं त्या पिशव्यांत. खायला मात्र काही नेत नाहीत. "जिथं जाऊ तिथलं खाऊ, काय बिघडतंय?" हे 'काय बिघडतंय' त्यांच्या तोंडात बसलेलंच आहे. बरोबर असतो फक्त एक रिकामा स्टीलचा डबा.

एकदा मीही हौसेनं गेले. डोंगराखालच्या एका घरात आम्ही नाचणीची भाकरी आणि टाकळ्याची भाजी चापून खाल्ली. काकूंनी त्यातलंच थोडं डब्यात मागून घेतलं. परतताना पाऊस असा कोसळला की पुढची वाट दिसेना. डब्याचं झाकण सैल होतं. काकूंनी अंगातला रेनकोट काढून त्याला गुंडाळला आणि कुडकुडत चालू लागल्या.

"अहो, आजारी पडाल!" मी ओरडले.

"भाकरी भिजली तर काकांना काय देऊ? मी भिजले तर काय बिघडतंय?"

काका म्हणजे त्यांचे यजमान. पूर्वी दोघं मिळून भटकायचे. अर्धांगवायू झाल्यापासून काका घराबाहेर पडले नव्हते. म्हणून हा डबा.

परवा धो धो पावसात दोघं लिफ्टपाशी भेटले. काकांच्या हातात काठी होती आणि पाठीवर छोटी सॅक.

"काका, एवढ्या पावसात?"

त्यांचे ओठ अजून थोडे वाकडे आहेत, पण शब्द स्पष्ट आले.

"काय बिघडतंय?"